आधी वाट ठरवा, मग सायकल

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पुण्याच्या एका ५४ वर्षांच्या वाचक जुलैमध्ये पतीसह मुलाकडे, झुरिकला जाणार आहेत. मुलाने आणि सुनेने मित्रमंडळींसोबत स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यात, सेंट मॉरिट्झजवळ तीन दिवसांची सहल आखली आहे. बेत असा, की सगळ्यांनी दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेल्या इलेक्ट्रिक माउंटन बाइक भाड्याने घ्यायच्या, रेल्वेने कोरविल्याच्या डोंगरावर जायचं आणि सायकलवरून खाली यायचं. या ताई सांगलीला कॉलेजात असेपर्यंत सायकल चालवत होत्या. त्यानंतर आजवर स्कूटर. यजमान म्हणतात, "चढ तर गाडीच नेणार, उतरायला काय लागतं?" सून म्हणते, "आई, बॅटरीची सायकल आहे, पायसुद्धा मारावे लागत नाहीत." ताईंना मात्र धास्ती वाटते. नाही म्हटलं तर सगळ्यांच्या आनंदावर विरजण, आणि हो म्हटलं तर परक्या देशात हातपाय मोडून मुलाच्या गळ्यात पडण्याची भीती. त्या विचारतात: सगळ्यांत सुरक्षित सायकल कुठली मागू? की खाली कॅफेतच बसून राहू?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली. घरात सायकल कुठली घ्यायची यावर भरपूर बोलणं झालंय, पण ती कुठल्या वाटेवर चालवायची हे कुणी तुम्हाला विचारलेलंच नाही. मुलाने कोरविल्या ठरवलं आणि पुढची सगळी चर्चा सायकलच्या दर्जावर आली. मी हे उलट्या क्रमाने करायला सांगेन. आधी वाट ठरवा. वाट तुमच्या बेताची असेल तर दुकानातली साधी सायकलही तुम्हाला पुरेल. वाट तुमच्या आवाक्याबाहेरची असेल तर सगळ्यांत महागडी सायकल घेऊनही भीती कमी होणार नाही, आणि ती भीती खोटीही नसेल.

यजमानांचं म्हणणं आधी घेऊ, कारण असं खूप जणांना वाटतं. सपाट रस्त्यावर सायकल चालवलेल्या माणसाला चढ अवघड आणि उतार म्हणजे विश्रांती असं वाटणं साहजिक आहे. डोंगरवाटेवर हे गणित बदलतं. चढावर दम लागतो, पण वेग कमी असतो. नाहीच जमलं तर पाय टेकता येतो, उतरून ढकलता येतं. उतारावर दम लागत नाही, पण प्रत्येक वळणाआधी निर्णय घ्यावा लागतो: ब्रेक कधी, किती, वजन कुठे, नजर कुठे. कोरविल्याचं स्थानक साधारण २,४८६ मीटरवर आहे आणि मधलं शांतारेला २,००० मीटरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ पाचशे मीटरचा उतार, सायकलवर बसल्यापासून पहिल्या काही मिनिटांतच सुरू. जी माणसं पायडल मारत वर जातात त्यांना त्या तासाभरात सायकलची ओळख होते, गिअर हाताला लागतात. रेल्वेने वर गेलं की ही ओळख होतच नाही, आणि सगळ्यांत अवघड काम सगळ्यांत आधी समोर येतं. तिथली फ्लो ट्रेल, म्हणजे मुद्दाम बांधलेली, कलत्या वळणांची आणि गोलसर उंचवट्यांची सायकलवाट, सरावलेल्या माणसाला फार आनंद देते. पस्तीस वर्षांनी सायकलवर बसणाऱ्याची पहिली वाट ती नसावी.

आता सूनबाईंचं म्हणणं. बॅटरीची सायकल आपोआप पळते हा समज भाड्याच्या दुकानात फार लोक घेऊन येतात. या सायकलींची मोटर तुम्ही पायडल मारत असाल तेव्हाच मदत करते, आणि ताशी २५ किलोमीटरला ती मदत थांबते. उतारावर मोटरचं काहीच काम नसतं. तिथे उरतं ते तिचं वजन. साधी माउंटन बाइक १३-१४ किलोची असते, तर बॅटरीची बऱ्याचदा २३-२४ किलोची. चढावर हे वजन मोटर वाहते, उतारावर तुमचे ब्रेक आणि तुमचे तळहात. अरुंद वाटेवर थांबावं लागलं आणि सायकल कलली, तर तेवढं धूड सावरायलाही तुम्हीच. ई-बाइक वाईट आहे असं मी म्हणत नाही. लांबच्या, सौम्य चढाच्या वाटेवर गुडघ्यांना ती मोठा दिलासा देते आणि तरुण मंडळींच्या बरोबरीने जाता येतं. पण ती चढावर सोबतीला घ्यायची. उताराच्या भीतीवर तो इलाज नाही.

यापुढचा मुद्दा तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही इतकी वर्षं स्कूटर चालवता. आपल्या स्कूटरवर डाव्या हाताचा ब्रेक मागच्या चाकाचा. गर्दीत वेग कमी करायला आपली बोटं आपसूक डावीकडेच वळतात, आणि ते सुरक्षितही असतं, कारण मागचं चाक फार तर घसटतं. आपल्याकडच्या सायकलींवरही पुढचा ब्रेक साधारणपणे उजव्या हातात असतो. स्वित्झर्लंडमध्ये, आणि युरोपातल्या बहुतेक देशांत, हे नेमकं उलटं आहे: डावा हात पुढचं चाक, उजवा हात मागचं. त्यात माउंटन बाइकला तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक असतात, एका बोटाने दाबले तरी चाक जागच्या जागी थांबेल इतके जोरदार. आता कल्पना करा. उतार आहे, समोर अचानक वळण आलं, तुम्ही दचकलात आणि चाळीस वर्षांच्या सवयीने डावा हात करकचून आवळला. पुढचं चाक थांबतं, मागचं उचलतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. यात धाडस कमी पडलं असं काही नसतं. हाताची सवय एका देशातली आणि सायकल दुसऱ्या देशातली, एवढंच कारण.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. दुकानातून बाहेर पडताच सायकलवर न बसता ती हाताने चालवत न्या. उजवा ब्रेक दाबा, कुठलं चाक अडतं ते बघा. मग डावा. डाव्या मुठीला रंगीत चिकटपट्टी किंवा रबरबँड लावा. मग सपाट जागेवर, पार्किंगमध्ये, हळू वेगात पंधरा-वीस वेळा थांबा: दोन्ही हातांचं एकेकच बोट ब्रेकवर, आधी उजवा, मग त्यात हलकेच डावा मिसळायचा. हात न अडखळता हे करू लागले की मगच उताराचं नाव काढायचं. काही दुकानं मागितल्यास ब्रेकच्या बाजू बदलूनही देतात, पण त्याला वेळ लागतो आणि गर्दीच्या दिवसांत नकार येऊ शकतो. तेव्हा आधी विचारून ठेवा, पण त्यावर विसंबू नका. यजमानांनाही हा भाग वाचायला द्या. ज्याला उताराची भीती वाटत नाही, त्याला तर याची जास्तच गरज आहे.

मग वाट कुठली? एंगाडीनमध्ये तुमच्यासाठी उत्तम वाटा आहेत. आल्प्समधली पुष्कळ खोरी अरुंद आणि खोल असतात, वरचं एंगाडीन मात्र रुंद आणि आश्चर्य वाटावं इतकं सपाट आहे, तेही १,७०० ते १,८०० मीटर उंचीवर. तळ्यांची रांग, त्यांतून वाहणारी इन नदी आणि तिच्या कडेने जाणारा सायकलमार्ग. पहिल्या दिवशी सिल्स मारिया गावातून निघा. सिल्व्हाप्लानाच्या तळ्याला लागून, पलीकडच्या रहदारीच्या रस्त्यापासून दूर, खडीची रुंद वाट सुरलेला जाते. तिथून शांफेर, सेंट मॉरिट्झचं तळं, मग श्टाझच्या छोट्या तळ्याभोवतीचं पाइनचं जंगल, चेलेरीना आणि सामेदान. सगळं मिळून वीस किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि सिल्सपासून सामेदानपर्यंत खोरं उतरतं ते शंभर मीटरहून कमी. जंगलात झाडांची मुळं आहेत, थोडे उंचसखल तुकडे आहेत, म्हणजे माउंटन बाइकची चव मिळते, आणि घाबरलात तर उतरून चालायला भरपूर रुंदी आहे. दमलात तर वाटेतल्या कुठल्याही गावातून बस किंवा रेल्वे आहे. रेल्वेत सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. पोस्टबस नावाच्या तिथल्या पिवळ्या सार्वजनिक बसमध्ये सायकलींना जागा मोजकीच असते, हे लक्षात असू द्या.

हीच दिशा का, तर वाऱ्यामुळे. डोंगरी खोऱ्यांत दिवसा वारा सहसा खालून वर वाहतो. इथे उलटं होतं. उन्हाळ्यात स्वच्छ ऊन असलं की मालोयाच्या खिंडीकडून खोऱ्यात खाली वारा सुटतो, त्याला मालोया वाराच म्हणतात. दुपारी तो इतका जोर धरतो की सिल्व्हाप्लानाच्या तळ्यावर पतंगाला बांधून पाण्यावर घसरणाऱ्यांची गर्दी उसळते. सिल्सकडून निघालात तर हा वारा पाठीवर. उलट दिशेने निघालात तर दुपारी तोच वारा तोंडावर येतो, म्हणावं तसं अंतर कापलं जात नाही आणि चिडचिड होते. मुलाला हे माहीत असेलच असं नाही, कारण झुरिकहून आलेला माणूस नकाशा बघतो, वारा बघत नाही.

दुसऱ्या दिवशी, पहिला दिवस चांगला गेला असेल तर, पॉन्ट्रेसिनाहून व्हाल रोझेगला जा. सुमारे सात किलोमीटरची खडीची गाडीवाट आहे, चढ दोनशे मीटरच्या आसपास, शेवटी हिमनद्यांच्या समोर एक हॉटेल. या वाटेवर घोडागाड्या चालतात. घोड्यांच्या मागून घंटी वाजवत घुसू नका, आधी आवाज द्या आणि गाडीवान हात करेपर्यंत थांबा. इथे ई-बाइक घेतलीत तर माझा पूर्ण पाठिंबा. चढताना तिची मदत होईल आणि येतानाचा उतार सरळ, रुंद, पुढचं दिसणारा आहे. उतारावर उभं राहून सायकल चालवायचा सराव करायला याहून चांगली जागा नाही: दोन्ही पायडल जमिनीला समांतर, बूड सीटवरून किंचित उचललेलं, गुडघे-कोपरं सैल, नजर चाकावर नाही तर दहा पावलं पुढे. ब्रेक सतत दाबून धरू नका. त्याने डिस्क तापते, ब्रेकची पकड कमी होते आणि बोटंही आखडतात. दाबा, वेग उतरवा, सोडा. वळणाच्या आत ब्रेक मारायचा नाही, वळणाआधीच वेग कमी करायचा. खडीवर लोक पडतात ते बहुधा याच एका कारणाने.

आणि तिसऱ्या दिवशी कोरविल्या? तुम्हाला स्वतःहून वाटलं तरच. त्यातही आधी अर्ध्या दिवसाचा प्रशिक्षक घ्या. सेंट मॉरिट्झ आणि पॉन्ट्रेसिनात सायकल शिकवणारे मिळतात, आणि महागड्या सायकलवर खर्चायचे पैसे या माणसावर खर्च झाले तर जास्त कामी येतील. ट्रेलच्या तोंडाशी रंगाची खूण असते: निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड, बर्फावरच्या घसरवाटांसारखंच. काही नकाशांवर एस-शून्य ते एस-पाच अशी श्रेणी दिसेल. तुमच्यासाठी एस-शून्य. एस-एकमध्ये मुळं आणि दगड सुरू होतात, एस-दोनमध्ये पायऱ्या आणि अरुंद वळणं. "सोपंच आहे" असं कुणी म्हणालं तर त्याला ही श्रेणी विचारा, मत विचारू नका.

दुकानाबद्दल थोडं. पहिल्या दिवसासाठी फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, हार्डटेल म्हणतात ती, साधी सायकल मागा. तिचं भाडं बरंच कमी असतं, ती हलकी असते आणि पायाखालची वाट कशी आहे ते तुम्हाला कळू देते. मागचं सस्पेन्शन घेतलंत तर ते तुमच्या वजनाप्रमाणे हवा भरून बसवून घ्यावं लागतं. न बसवलेलं सस्पेन्शन हलक्या माणसाला दगडावर बसल्यासारखं वाटतं. उंची सांगून योग्य मापाची फ्रेम घ्या. मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहा, दोन्ही टाचा टेकून वर मोकळी जागा राहिली पाहिजे. नाही राहिली तर "चालेल हो" म्हणू नका, दुसरी आणायला सांगा. सीट खाली-वर करणारं बटण हँडलवर आहे का ते बघा. उतारावर सीट खाली केली की निम्मी धास्ती जाते. हेल्मेट डोक्यावर हलता कामा नये. ई-बाइक असेल तर दिवसाही दिवा लावणं स्वित्झर्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून सक्तीचं आहे. आणि सायकल ताब्यात घेताना तिच्यावरचे जुने ओरखडे फोनमध्ये टिपून ठेवा, नुकसानीची जबाबदारी किती रकमेपर्यंत तुमची आहे ते कागदावर वाचा.

विम्याचं काम पुण्यातच करून निघा. भारतातून काढलेल्या बऱ्याच प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, आणि माउंटन बाइक त्यात मोडते की नाही हे फोनवरच्या गोड आवाजावर सोडू नका. लेखी उत्तर मागा. तिथे डोंगरातून हेलिकॉप्टरने आणावं लागलं तर खर्च हजारो फ्रँकमध्ये जातो. रेगा ही स्वित्झर्लंडची हवाई बचाव संस्था, तिचा नंबर १४१४, फोनमध्ये घालून ठेवा. डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं कधी सांगितलं असेल तर त्यांना विचारूनच सायकलवर बसा. पडताना आपण हात पुढे टाकतो आणि मनगट पहिल्यांदा जातं. उंचीमुळे पहिल्या दिवशी धापही जास्त लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाणी पीत राहा आणि जुलैत दुपारी ढग भरून यायला लागले की खाली, गावाच्या बाजूला राहा.

आता विरजणाचं. ताई, तुम्ही गृहीत धरलंत की सात-आठ माणसांनी सगळे तास एकत्रच काढायला हवेत, नाहीतर सहल फसली. सायकलवर कुणाचीच सहल अशी होत नाही. चपळ मंडळी पुढे जातात, वळणावर थांबतात, मागच्याची वाट बघत थंड होतात. मागचा धापा टाकत पोचतो आणि तोवर पुढचे निघालेले असतात. त्याच्या वाट्याला विश्रांती येतच नाही, आणि दमलेलाच माणूस पडतो. म्हणून दोन गट करणं हे तुमच्यासाठी केलेली सवलत नव्हे, सगळ्यांच्याच सोयीचं आहे. सकाळी मुलं कोरविल्याला जाऊ देत, तुम्ही दोघं सिल्सहून निघा, दुपारी चेलेरीनाला जेवायला एकत्र या. मुलाला तुमची भीती कळली तर तो निराश होईल असं तुम्हाला वाटतं, पण त्याला ती अजून सांगितलेली दिसत नाही. तुम्ही हसत हसत हो म्हणत गेलात, म्हणून त्याचा बेत मोठा होत गेला. आई घाबरलेल्या हातांनी उतारावर आहे हे त्याला वर गेल्यावर कळण्यापेक्षा आज फोनवर कळलेलं बरं.

आणि कॅफेत बसायचं असेल तर जरूर बसा, पण सायकलच्या भीतीने नको. मग तो दिवस तुम्ही स्वतः निवडलेला असावा.

असाच बेत असलेल्या इतर वाचकांसाठीही दोन गोष्टी. ग्राउब्युंडेन प्रांतात, जिथे एंगाडीन आहे, बहुतेक पायवाटांवर सायकल चालते, पण पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. हा नियम सगळीकडे लागू होतो असं समजू नका. ऑस्ट्रियात १९७५ च्या वन कायद्यानुसार जंगलरस्त्यावर सायकलला परवानगी गृहीत धरता येत नाही, सायकलसाठी खुली केल्याची पाटी असेल तिथेच जायचं. जर्मनीत श्टुटगार्टच्या बाजूला, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकलला मनाई आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी पाहुण्यांना घेऊन जाताना हे आधी बघावं.

निघायच्या आधी महिनाभर, आठवड्यातून दोनदा, कुणाची तरी गिअरची सायकल मागून घ्या आणि जवळच्या मैदानावर संथ वेगात आठ आकडा काढा, पायडलवर उभं राहून फेऱ्या मारा. अंगातली सायकल जात नाही, पण तोल आणि धीर परत यायला चार-आठ दिवस लागतात. हातमोजे इथूनच घेऊन जा, पूर्ण बोटांचे. आणि मुलाला आज रात्री एवढाच निरोप पाठवा: "पहिल्या दिवशी बाबांना आणि मला साध्या हार्डटेल सायकली, माझी उंची आणि वजन हे असं. आम्ही सिल्सहून निघू, तुम्ही वर जा. जेवायला चेलेरीनाला भेटू. तिसऱ्या दिवसाचं मी दुसऱ्या दिवशी रात्री सांगेन."